वेशीच्या पुढलं

१९ मार्च. पा. ३.१०

दोन नंबरची मोटारही आज बंद केली. उपसा सिंचन सोसायटीला आता उपसायला काही नाही, फक्त मोजायला आहे. चेअरमन म्हणाले, "सुमनबाई, पाण्याच्या पट्टीचा आकडा रोज लिवत जा. वरून इचारलं तर आपल्याकडं पायजे." लिहिते. रजिस्टरमध्ये नवा रकाना आखला, मृतसाठा. कालव्याच्या तोंडाखाली गेलेलं पाणी, म्हणजे आहे पण बाहेर येत नाही. असला शब्द कोणाला सुचला असेल देव जाणे.

दुपारी जॅकवेलच्या, म्हणजे उपशाच्या विहिरीच्या, पुलावर ह.भा. उभे. हनमंतभाऊ. अकरा वर्षांत इतक्या जवळून पाहिले नव्हते. केस पांढरे, हाताला चौसाळ्याच्या गॅरेजचं काळं ऑइल. प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली वही पुढे केली. "विलासची हाय. वळणांची कच्ची वही. पक्की गाडीबरुबर गेली."

घेतली. दादाचं अक्षर लांबूनही ओळखू येतं, मुंग्या सांडल्यासारखं.

२० मार्च. पा. ३.०४

आईला सांगितलं नाही. ह.भा. चं नाव घरात निघत नाही. आईच्या हिशोबी दादाला त्यांनी मारलं. अकरा वर्षांपूर्वी मोटारींच्या रॅलीत याच तलावाच्या पाण्यात गाडी घातली, स्वतः बाहेर आले, दादाला पट्ट्यात अडकलेला सोडला. पोलिसांपुढे तेव्हा त्यांनीही तेच सांगितलेलं की गाडी माझ्या हातून गेली.

आज पुलावर वेगळं बोलले. खाली मान घालून. "ताई, विलास 'उ' म्हनला व्हता. तळ्यात बुडालेल्या जुन्या गावाच्या वेशीपाशी. आमाला डावं वळून काठावर चढायचं व्हतं. त्यो उजवं म्हनला, म्या उजवं मारलं."

"तुम्हाला माहीत होतं ना उजवीकडे पाणी आहे?"

"म्हाईत व्हतं. धुरळ्यात डोळ्यानं न्हाई चालवीत, कानानं चालवतेत. शेजारचा नेव्हिगेटर वही वाचून म्हनला की हात वळतो. इचार मागनं येतो."

मग अकरा वर्षं गप्प का बसलात, विचारलं. म्हणाले, "मेलेल्यावर कावून घालायचं?"

खरं बोलतात की सोयीचं, मला कळत नाही. कळायला हवं. या घरात अकरा वर्षं जो राग रांधून खाल्ला तो योग्य माणसाचा होता का, एवढंच मला हवं आहे.

२४ मार्च. पा. २.८१

येण्याचं कारण आज निघालं. शहरातल्या मोटार क्लबची रॅली पुन्हा येतेय, बारा मे ला. तलावाच्या कोरड्या पोटातून एक स्टेज, म्हणजे शर्यतीचा एक टप्पा. तीच. जुन्या गावाच्या वेशीपर्यंत जुना रस्ता, तिथून डावीकडे काठावर. ह.भा. ना चालवायचंय. दादानंतर एकदाही रॅली केलेली नाही. आणि नेव्हिगेटर म्हणून मी हवी.

मी हसले. मी एस.टी.त खिडकी सोडून बसत नाही.

"बक्षिसाचं काय न्हाई. मला एकदा डावं मारायचंय," म्हणाले.

रात्री जेवण गेलं नाही.

३० मार्च. पा. २.४६

मी हो म्हणाले. वही वाचता यावी म्हणून. असं स्वतःला सांगतेय.

शिकतेय. दोन वळणांमधलं अंतर मीटरमध्ये. मग डा किंवा उ. मग आकडा, एक ते सहा, लहान आकडा म्हणजे वळण आवळ. '८० डा५' असं. ह.भा. चालवताना सांगतात, मी लिहिते, मग मी वाचते नि ते फक्त ऐकतात. बोलायचं ते वळणाच्या आधी. उशीर झाला तर न बोललेलं बरं.

दादाच्या वहीत वेशीची ओळ सापडली. 'वेस. उ४.' स्वच्छ. खाडाखोड नाही.

मला वाटलं, उ म्हणजे उतार असेल. तसं निघालं असतं तर दादा सुटला असता, चूक ऐकणाऱ्याची. सगळी वही चाळली. उतार तो 'उत' लिहितो, सतरा ठिकाणी. आणि उताराला आकडा नसतो. उ म्हणजे उजवंच.

तेव्हा ह.भा. खरं बोलत होते. मला आनंद झाला नाही, दादाचा राग आला. मेलेल्या माणसावर पहिल्यांदा रागावले.

४ एप्रिल. पा. २.१९

राग टिकला नाही, कारण वही वेशीपाशी संपत नाही.

वेशीनंतर आणखी सात ओळी आहेत. मी आधी दुसऱ्या रस्त्याचं पान समजून सोडलेल्या. ह.भा. ना दाखवल्या. त्यांनी वही लांब धरली, जवळ धरली.

"रेकीला, रॅलीआधी रस्ता बघायला, आमी वेशीपर्यंतच गेलतो. फुडं दोन पुरुष पानी व्हतं. डावं वळून वर आलो."

"मग हे?"

मग म्हणाले, "दुसऱ्या रोजी दुपारभर गॅरेजात लिवीत बसलता. म्या इचारलं, काय लिवतो बे? म्हनला, पुढलं."

सात ओळी उतरवून ठेवते:

३० जिप, डावीकडून
६० उत, दगड
४० डा३ फरशी
११० सरळ
दोन जण उभे, सावकाश
७० उ२ चिंच
१५० घर. थांब.

९ एप्रिल. पा. १.९०

वेस पूर्ण उघडी पडली. दोन्ही बुरूज उभे, वर शेवाळ वाळून पापुद्रे सुटलेत. उजवा रस्ता थोडा दिसतो नि पाण्यात जातो.

पहिली ओळ कळत नाही. जि.प. म्हणजे जिल्हा परिषद. जि.प.ची शाळा असेल किंवा जि.प.चा दगड. चेअरमनना विचारलं, ते म्हणाले रस्ता जि.प.चाच असणार, बाकी कोणाचा. स्वागताची कमान वेशीलाच बांधू म्हणतात, सोसायटीच्या नावाची. पाणी नाही तर नाव तरी दिसू दे.

आईला आडून विचारलं, जुन्या गावात शाळा कुठे होती. "गावात. वेशीच्या आत, मारुतीपाशी. कावून?"

आईचं माहेर तेच गाव. गावात नाही, आपल्या लोकांची वस्ती वेशीबाहेर उजव्या अंगाला, नदीलगत. सखल. ती आधी बुडाली आणि आता सर्वांत शेवटी वर येणार. दादा तिथेच जन्मलेला, पहिलं बाळंतपण. तो दात येण्याआधी पाणी आलं. मी तर काहीच पाहिलेलं नाही.

"उगंच," मी म्हणाले.

१५ एप्रिल. पा. १.५५

काल जयंती. मिरवणुकीत डीजेपुढे पोरांनी टँकरचं पाणी उडवलं म्हणून आईने चारचौघांत झापलं. आज पाय धरून बसलीय.

विचारलंच मग. दादाला कधी माहेरचा रस्ता सांगितला होतास का. कुठे वळायचं, वाटेत काय.

"म्या? न्हाई. सांगून काय दावायचं व्हतं, पानी?"

मग तिने पहिल्यांदाच विचारलं, "आज किती हाय पट्टीवर?"

२१ एप्रिल. पा. १.२०

सराव चांगला चाललाय. ह.भा. म्हणतात माझा आवाज ठीक, घाई जास्त. गाडी चालू असताना त्यांचा चेहरा तरुण होतो. भीती वाटते नि मजाही वाटते, आणि मजा वाटल्याची लाज वाटते.

वेशीपाशी रोज मी "डा४" म्हणते, रोज ते डावं मारतात. हळू. तरी तिथे दर वेळी दोघंही श्वास धरतो.

उजव्या अंगाला पाण्यात काहीतरी वर आलंय. चौकोनी. दोन बगळे बसलेले. खडक असेल.

२८ एप्रिल. पा. ०.८८

खडक नाही.

सकाळी पट्टी वाचून तशीच खाली उतरले. चिखल अजून ओला, चपला हातात. वेशीतून उजवीकडे. टेप घेऊन गेले होते, सोसायटीचा, तीस मीटरचा. वेशीच्या दगडाला एक टोक अडकवलं नि चालत गेले. टेप संपला तिथे हात लांब केला तर लागला. गाडीचा टप. लोखंडाचा पिंजरा गंजलेला, काचा नाहीत, आत खिडक्यांपर्यंत गाळ.

तेव्हा दादाला काढलं होतं, गाडी गाळात रुतलेली म्हणून राहू दिली. त्याच आठवड्यात पाऊस लागला. ती कुठे आहे हे कोणालाच माहीत नव्हतं.

जि.प. नाही. जीप. दादा ऱ्हस्व-दीर्घ कधी पाळायचा नाही, मास्तर त्यावरून मारायचे. '३० जिप, डावीकडून.' रस्त्यात जीप आहे, डाव्या बाजूने काढ.

त्याने हे लिहिलं तेव्हा जीप चौसाळ्याला गॅरेजात उभी होती. ते दोघं दुसऱ्या दिवशी तिच्यातच बसणार होते.

चपला तिथेच विसरले. आणायला गेले नाही.

३ मे. पा. ०.५१

चार दिवस गेलेच नाही. आकडा पुलावरून दुर्बिणीने वाचला.

ह.भा. ना सांगितलं. त्यांनी जाऊन पाहिलं, एकटे. परत आले ते थेट गॅरेजवर गेले. संध्याकाळी फोन. "ताई, माज्या बाजूचं दार उघडं हाय. त्याच्या बाजूचं बंद." मी फोन ठेवला नाही, त्यांनीही नाही. मग ते म्हणाले, "म्या बाहेरून वढत व्हतो. उघडलंच न्हाई." रडत होते.

आईला हे ऐकवायला हवं होतं. मी सांगितलं तेव्हा ती भाकरी थापत होती. थापतच राहिली. भाकरी फाटली.

७ मे. पा. ०.३०

दोघं मिळून गेलो. भर दुपारी, ऊन डोक्यावर असताना, मुद्दाम.

जीप डावीकडून. साठ मीटर, उतार, दगड. आहे. चाळीस मीटर, डावीकडे वळण, फरशी पूल. आहे, नाल्यावर, अर्धी फरशी वाहून गेलेली. तिथून सरळ. टेप तीन वेळा टाकून वर वीस मोजले. एकशे दहा.

पुढे पाणी चालू होतं. दोन्हीकडे भेगाळलेला गाळ. चिटपाखरू नाही. ह.भा. टेप गुंडाळत होते. मी पुढची ओळ बघायला वही उघडली नि वाचली, मोठ्याने, सवयीने.

"दोन जण उभे, सावकाश."

ह.भा. नी टेप गुंडाळायचा थांबवला.

आम्ही दोघंही रस्त्यावरून बाजूला झालो, डावीकडे, गाळात. कोणी कोणाला म्हणालं नाही. पाच मिनिटं तसेच उभे होतो. वारा नव्हता. मग ह.भा. नी हात अर्धा वर केला, ओळखीची गाडी जाताना करतो तसा, आणि खाली घेतला.

दादाने आम्हाला तेव्हाच पाहिलेलं. आणि सावकाश म्हणाला. मला भीती वाटायला हवी होती, पण मला बरं वाटलं. हे कोणाला सांगायचं?

परतताना रस्त्याच्या मधली गाळाची खपली मोडलेली दिसली. आमच्याच पायांनी मोडली असणार.

१२ मे. पा. ०.१४

रॅली झाली.

कमान, भोंगा, चेअरमनचं भाषण, क्लबची पोरं टोप्या घालून. बत्तीस गाड्या. आमचा नंबर सव्विसावा. हेल्मेटमध्ये कानाशी इंटरकॉम, त्यात ह.भा. चा श्वास ऐकू येतो. मांडीवर माझी नवी वही. दादाची सीटखाली.

पुढच्या गाडीचा धुरळा बसलाच नव्हता. सोडल्यावर काचेपलीकडे पिवळं, बाकी काही नाही. मी वाचत गेले. ८० डा५. ५० उ६. १२० सरळ, वेस. आवाज थरथरला नाही. "वेस. डावं चार." स्पष्ट. आणि का कोणास ठाऊक, हात उचलून डावीकडे दाखवला, रस्ता दाखवतात तसा, त्यांच्या तोंडापुढे.

गाडी एक क्षण उजवीकडे गेली. मग डावीकडे ओढली, मागचं चाक बुरुजाला घासलं, नि आम्ही वर काठावर.

शेवटच्या टेबलाशी मार्शलने टाइम कार्ड मागितलं. ह.भा. नी दिलं नाही. इंजिन बंद करून हेल्मेट काढून बसले.

"काय म्हनलीस तू वेशीपाशी?"

"डावं चार."

"मला उजवं ऐकू आलं."

मीही हेल्मेट काढलं.

"मग वळलात कसे डावीकडे?"

"तुजा हात दिसला."

मार्शल खिडकीत वाकून "कार्ड, काका, कार्ड" करत होता.

मग दादा काय म्हणाला होता त्या दिवशी? वहीत 'उ' आहे हे खरं. पण वहीत 'उ' असताना तो तोंडाने 'डावं' म्हणाला असेल का. आणि मग ऐकू आलं ते कोणाचं. दादाचा हात मांडीवर होता, वही धरून. एवढंच ह.भा. ना आठवतं.

१३ मे. पा. ०.११

आमचा नंबर एकोणिसावा. चेअरमन खूश, पेपरात कमान आलीय.

आईला सगळं सांगितलं. सुरुवातीपासून, सात ओळींसकट, ह.भा. ना उजवं ऐकू आलं तेही. वाटलं भडकेल. तिने फक्त सात ओळी पुन्हा वाचायला लावल्या. मग तिसऱ्यांदा.

"उजवीकडं चिंच. मग तिथनं दीडशे पावलं न्हाईत, कमी हायती. नाल्याच्या अंगाचं तिसरं घर. आमचंच की ते."

मीटर आणि पावलं वेगळी, मी म्हणाले.

"थांब आसं लिवलंय?"

हो.

"मंग थांबला आसंल," म्हणाली. भांडी घासायला गेली. टँकर चार दिवसांआड येतो आणि ती आज सगळी भांडी घासत होती.

१७ मे. पा. ०.०४

चिंचेचं खोड वर आलं. पुलावरून दिसतं. काळं.

ह.भा. आज घरी आले. आईनेच निरोप धाडलेला, माझ्याकरवी नाही, परस्पर. दाराबाहेर थांबले, आत येईनात. आईने तांब्या भरून आणला. अकरा वर्षांनी. त्यांनी दोन्ही हातांनी घेतला, सगळं पाणी प्यायले, एक थेंब सांडला नाही.

आई म्हणाली, "दार उघडत न्हवतं व्हय?"

"न्हाई उघडलं, आक्का."

"बरं," म्हणाली. पुढे बराच वेळ दोघं उंबऱ्याच्या दोन बाजूंना बसून होते. मी आत होते. मला तिथे जागा नव्हती आणि मला त्याचं वाईट वाटलं नाही.

जाताना ती म्हणाली, "पट्टी कोरडी झाली की गाडी घिऊन ये. तू चालीव."

१९ मे.

पट्टी कोरडी. रजिस्टरमध्ये शून्य लिहायचं की रेघ मारायची कळेना. मोकळं ठेवलं.

पुलावरून पाहिलं. चिंचेपलीकडे रस्ता आहे. नाल्याच्या अंगाला भिंतींचे पाये, एक, दोन, आणि तिसऱ्याच्या पुढ्यात अजून चकाकतं काहीतरी. डबकं असेल. पत्राही असू शकतो.

ह.भा. दारात आलेत. आई पुढच्या सीटवर बसली, नेव्हिगेटरच्या. पट्टा तिचा तिने लावला, मग काढला, म्हणाली नको. भाकऱ्या बांधून घेतल्यात. मोजल्या मी. आम्ही तीन माणसं, भाकरी चौघांची.

मी मागे बसायचं. वाचायचं तिथूनच. ह.भा. नी मागचा आरसा वाकडा करून ठेवलाय, म्हणजे वेशीपाशी माझा हात दिसेल. म्हणाले, "तू म्हनशील त्यावर माजा इश्वास न्हाई, हातावर हाय." डावीकडे दाखवला तर काठावर चढू, घरी येऊ, भाकरी खाऊ. रागावेल आई, पण येईल. उजवीकडे दाखवला तर दादाच्या सात ओळी, घरापर्यंत.

वहीतली ती ओळ पुन्हा काढून बघितली. 'वेस. उ४.' शाई कुठेही फुटलेली नाही.

हॉर्न वाजतोय. ह.भा. नव्हेत, आईच वाजवतेय. दोन्ही हात मोकळे ठेवायचे म्हणून पेन इथेच ठेवते, आणि वेशीपाशी